सहाच्या पिल्लाची रजा

विषय : ग्रंथालयाच्या बालविभागातील मोजणीचे एक चित्रपुस्तक परत न करता अर्जदाराच्या ताब्यात कायम ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा याच विषयावरील अर्ज, आणि त्यावर ग्रंथपाल बाईंचा तोंडी शेरा, "आजोबा, तुम्हाला बरं नाही का?"

उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जाच्या नमुन्यात 'कारण' या रकान्याला दीड ओळ सोडलेली आहे. माझं कारण तेवढ्यात मावत नाही. म्हणून ही पुरवणी जोडत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी. ते का बिघडलं हेही पुढे येईल.

१

आमच्या घरी माणसं तीन. मी, माझी मुलगी आणि तिची मुलगी. जावई जहाजावर असतात आणि अधूनमधून फोनवरून बाप होतात. मुलगी रुग्णालयात परिचारिका. ती दुपारी जाते आणि सगळं जग झोपल्यावर येते. त्यामुळे नातीला झोपवण्याचं खातं माझ्याकडे आलं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी नाद हवा म्हणतात. मला हा लागला.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघते, आणखी कोण आलं म्हणून. वय पाच. आवाज पन्नास जणांचा.

पुस्तक तिनंच निवडलं. जाड पुठ्ठ्याची पानं, कोपरे कुरतडलेले. कुरतडणारी आधीच्या वाचकांची मुलं असावीत, असं मी धरून चाललो. गोष्ट अगदी साधी. झोपायच्या वेळी दहा पिल्लं बिळात धुडगूस घालतात आणि पानागणिक एकेकाला आई झोपवते.

दहा पिल्लं बिळात, लागली गलका करायला;
एक त्यातलं किंचाळलं, आई आली न्यायला.
थोपट थोपट थोपटलं, गप्प झालं पोर;
उरली आता नऊ पिल्लं, नऊ जणांचा जोर.

नवाला एक रडतं, आठाला एक शिंकतं, असं करत एकही उरत नाही. शेवटच्या पानावर शब्दच नाहीत, फक्त चित्र आहे. दहा पांघरलेले उंचवटे, आणि त्यांच्या पलीकडे आडवी झालेली आईची पाठ, टेकडीएवढी. बाकी पानांवर आईचा फक्त हात दिसतो, कुठल्या तरी कोपऱ्यातून आत आलेला.

पिल्लं कशाची, ते चित्रकारालाच ठाऊक. कान कोल्ह्याचे, अंग मुंगसाचं, आणि पुढच्या पायांच्या जागी सरळसरळ हात. बोटं पाच, नखं कापलेली. मी एकदा भिंगरीला विचारलं, "हा प्राणी कोणता गं?" तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, ही पिल्लं आहेत."

विषय संपला.

२

समोरच्या दारात एक शिंपी राहतात. त्यांना मी मास्तर म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, आणि दोघंही एकमेकांची चेष्टाच करत असतो. त्यांना ना बायको ना मूल. 'बटण' नावाचा एक म्हातारा कुत्रा तेवढा आहे. संध्याकाळी भिंगरी झोपली की आमचा बुद्धिबळाचा डाव बसतो. त्या दिवशी डाव आधीच अर्धा झाला होता, माझा वजीर संकटात होता, आणि मास्तर बैठकीतून ओरडत होते, "साहेब, वजिराचं पेन्शन करू का मंजूर?"

मला घाई झाली. सात संपल्यावर मी दोन पानं एकदम उलटली. माझी चाळीस वर्षं कचेरीत टिपणं वाचण्यात गेली. कोणतं पान साहेबांच्या लक्षात येणार नाही, हे ओळखण्यावरच माझा पगार चालत असे. पण हा साहेब वेगळा होता.

"आजोबा, सहा कुठंय?"

"सहा रजेवर आहे."

"रजा म्हणजे?"

"म्हणजे कामावर यायचं नाही आणि कुणी रागवायचंही नाही."

"मग त्याला झोपवणार कोण?"

"रजेवर असलेल्याला कुणी झोपवत नाही. तो आपला जागतो, हिंडतो, मजा करतो."

तिनं विचार केला. "त्याच्या आईला चालेल?"

"मी मंजूर केलीय म्हणून सांग."

ती हसली आणि पाचपासून पुढचं ऐकून झोपी गेली. मी बैठकीत येऊन वजीर वाचवायच्या खटपटीला लागलो. दोन खेळ्या झाल्या असतील, तेवढ्यात आतून हसू आलं. बारीक, नाकातलं, दाबून धरलेलं. वर्गात मागच्या बाकावरून येतं तसं.

"पोरगी जागी आहे तुमची," मास्तर म्हणाले.

मी उठून बघायला गेलो. भिंगरी उताणी झोपली होती, तोंड उघडं. मी दारात उभा असतानाच ते हसू पुन्हा आलं. तिच्या तोंडाकडे माझं लक्ष होतं. ते हललं नाही.

जुन्या इमारतीत नळांतून हवा जाते, तिचे नाना आवाज होतात. मी मनातल्या मनात शेरा मारला, 'नळ', आणि प्रकरण बंद केलं. परत आलो तर बटण मास्तरांच्या पायांत शिरून थरथरत होता, आणि मास्तरांनी माझा वजीर खाल्ला होता.

३

सकाळी भिंगरीची उशी फाडलेली सापडली. कापूस खोलीभर, आणि खोळीच्या पट्ट्या झालेल्या. सातच्या पानावर पिल्लं उशाच फाडतात, तेव्हा मी पुस्तकालाच दोष दिला आणि भिंगरीला पुढ्यात उभं केलं.

"कुणी केलं हे?"

"सहानं."

"खोटं बोलू नये, बाळ."

"तुम्हीच रजा दिलीत ना?"

मी कापूस गोळा करायला लागलो. खोळीच्या पट्ट्या ओल्या होत्या, आणि त्यांना कच्च्या मांसाचा वास येत होता.

त्या संध्याकाळी मी सहाचं पान नीट उघडलं.

सहा पिल्लं बिळात, लागली चावे घ्यायला;
एक त्यातलं हसू लागलं, आई आली न्यायला.

चित्रात पिल्लं पाच होती. सहाव्याच्या जागी नुसतं पांघरूण होतं, त्याखाली खळगा होता, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. आईचा हात त्या खळग्यावर येऊन थांबला होता.

माझी बुद्धी लगेच मदतीला धावली. छपाईची चूक. चित्रकारानं मोजलं नसेल. आपणच आजवर नीट बघितलं नसेल. माणूस शंभरदा पाहिलेल्या कागदावरची चूक एकशे एकाव्या वेळी बघतो, हा माझा कचेरीतला अनुभव. मी कडवं मोठ्यानं वाचलं, पुढची सगळी वाचली, आणि शेवटच्या पानावर आलो. आईची टेकडीएवढी पाठ तिथं आता आडवी नव्हती. ती उठून बसली होती.

"ऐकलंच नाही त्यानं," भिंगरी म्हणाली. "तो पलंगाखाली आहे. पुस्तकात सगळे पांघरुणात असतात."

मी पलंगाखाली बघितलं नाही. गुडघे दुखतात, असं मी तिला सांगितलं. ते खरंही आहे.

४

मुलीला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंघोळ घालताना तिनंच पाहिलं. भिंगरीच्या दंडावर चावा होता. वर अर्धवर्तुळ, खाली अर्धवर्तुळ, मधलं मांस काळंनिळं.

"बाबा, हे काय आहे?"

"शाळेत कुणीतरी..."

"हे माणसाच्या दातांचं नाही." ती कामावर रोज जखमा बघते, तिला फसवणं अवघड. तिनं बोटांनी अंतर मोजलं. "आणि कुत्र्याचंही वाटत नाही. पण कुत्र्याचंच असणार. मास्तरांचा बटण आत येतो ना?"

"त्याला धड तीन दात आहेत. तो पाव भिजवून खातो."

"बाबा, तुम्ही घरी असता कशाला?"

हा प्रश्न कुणीतरी कधीतरी विचारणारच होतं.

ती मास्तरांशी भांडली. मास्तर बटणला उचलून आत गेले आणि दार लावून घेतलं. मुलगी भिंगरीला मैत्रिणीच्या घरी झोपायला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. भिंगरीच्या दुसऱ्या दंडावर तसाच चावा होता, आणि मैत्रिणीच्या मुलाच्या पोटरीचा लचका गेला होता. मैत्रिणीकडे कुत्रा नव्हता. बटणचं नाव मुलीनं पुन्हा काढलं नाही.

नगरपालिकेचा कुत्री धरणारा माणूस येऊन गेला. त्यानं पलंगाखाली काठी फिरवली, काठी आतून कुणीतरी धरली, त्यानं ओढली, ती अर्धीच बाहेर आली. "फळीत अडकली," तो म्हणाला आणि 'कुत्रा आढळला नाही' असं लिहून गेला. मी त्याच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं.

त्याच दिवशी, भर दुपारी, जिन्यात बटण मेला. मी भिंगरीला शाळेतून घेऊन येत होतो. वरून आधी त्याचं केकाटणं आलं, मग ते नाकातलं हसू, मग कुणीतरी ओला कपडा पिळून आपटावा तसा आवाज. भिंगरीचा चेहरा पोटाशी दाबून धरून मी चढलो. बटण मधल्या वळणावर पडला होता. अंग हनुवटीपासून शेपटीपर्यंत उघडं होतं, आणि जिन्याच्या भिंतीवर माझ्या गुडघ्याच्या उंचीला एकापुढे एक रक्ताचे ठसे वर गेले होते. पाच बोटांचे. ते आमच्या दाराशी संपत होते. दाराला कुलूप होतं.

मास्तरांनी बटणला चादरीत बांधलं. मग ते आमच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. हातात कापड कापायची लांब कात्री होती.

"साहेब, बाजूला व्हा."

"मास्तर, मला नक्की माहीत नाही आत काय आहे."

"मला माहीत करून घ्यायचंय."

भिंगरीला मी स्वयंपाकघरात बसवलं. मास्तर पलंगाखाली कमरेपर्यंत शिरले. आतून त्यांचा आवाज आला, "अरे, हे तर..." आणि तो आवाज बदलला. त्यांचे पाय जमिनीवर आपटू लागले. मी दोन्ही घोटे धरून ओढलं. आतूनही कुणीतरी ओढत होतं, आणि हसत होतं. मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा कान नव्हता, आणि गालातून दाढा दिसत होत्या. कात्री त्यांच्याच खांद्यात मुठीपर्यंत गेली होती.

त्यांना गाडीत घालताना त्यांनी माझी कॉलर धरली. बोलणं फुटत नव्हतं, पण मला कळलं.

"जनावर नाही ते, साहेब. कुणाचं तरी मूल आहे."

५

ज्याला आपण रजा दिली त्याला कामावर बोलावणं, हे मंजूर करणाऱ्याचंच काम. मुलगी मास्तरांजवळ रुग्णालयात होती. मला आणि भिंगरीला तिथं ठेवून घ्यायला ती तयार होती, पण जिथं भिंगरी तिथं ते येणार, हे आता उघड होतं. त्या इमारतीत हलता न येणारी माणसं खाटांवर पडून असतात. मी घरीच राहतो म्हणालो.

युक्ती भिंगरीचीच.

"त्याला पांघरुणात बोलवू या. मधे जागा ठेवू. मग तो ऐकेल, आणि त्याची आई येईल."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. तुम्ही हात धरा."

"हात नाही, तोंड धरीन. जो आवाज करील त्याला आई नेते. तू अगदी गप्प राहायचंस. जमेल?"

तिनं मान हलवली. मोठ्यानं 'हो' म्हणायची तिची सवय, ती सोडून.

ती भिंतीकडे झोपली. मधे जागा. अलीकडे स्टुलावर मी. डाव्या हातात मांडीवर पुस्तक, उजवा हात मधल्या जागेच्या उशाकडून पलीकडे नेऊन तिच्या तोंडावर. दिवा चालू होता. तो विझला वगैरे नाही, शेवटपर्यंत नीट चालू होता, एवढं नमूद करतो.

दहा, नऊ, आठ. पलंगाखाली खरखर झाली. सातला पांघरुणाची कड आपोआप उचलली गेली आणि गादी मधे दबली. भिंगरीएवढाच उंचवटा. त्याची ऊब माझ्या दंडाला लागत होती, आणि तोच कच्च्या मांसाचा वास. मी पान उलटलं. एकच.

"सहा पिल्लं बिळात," मी वाचलं, आणि त्यानं माझा हात पकडला. दोन्ही हातांनी, मनगटापाशी, लहान मूल कणीस धरतं तसा. मग त्यानं पहिल्या बोटात दात घातले.

चाळीस वर्षांत मी अनेक साहेबांसमोर उभं राहून, पोटात कळ येत असताना, घरून वाईट निरोप आलेला असताना, एका सुरात टिपणं वाचली आहेत. तेवढं एकच कौशल्य माझ्याजवळ आहे. ओरडलो असतो तर आवाज माझा ठरला असता. आणि हात काढला असता तर भिंगरी ओरडली असती. म्हणून मी वाचत राहिलो. "लागली चावे घ्यायला." हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, मग कळलं. रक्त भिंगरीच्या गालावरून उशीत जात होतं. तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर होते, आणि माझ्या तळव्याखाली तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते दुसऱ्या बोटाकडे वळलं. चावता चावता त्याला हसू आवरेना.

"एक त्यातलं हसू लागलं, आई आली न्यायला."

पलंग भिंतीला लागून आहे. मधे कागदही जात नाही. तिथून हात आला.

मी सगळं बघितलं असं म्हणणार नाही. मनगटाच्या वरचं काही बघितलं नाही. तळवा परातीएवढा, केस नसलेला, आणि सुरकुतलेला, आयुष्यभर धुणं धुतलेल्या बाईचा असावा तसा. तो भिंगरीच्या अंगावरून गेला. तिच्या छातीवर क्षणभर टेकला, वाट बघत. तिनं श्वास रोखून धरला होता. मग तो पुढे सरकला आणि उंचवट्यावर ठेवला गेला.

हसू थांबलं. पांघरुणातून भिंगरीचा आवाज आला. "आजोबा, मी आहे. आजोबा, नका ना वाचू."

हुबेहूब तिचा. माझ्या तळव्याखालचे ओठ मात्र हलले नव्हते. एक क्षण मला त्या ओठांचीच शंका आली, आणि तो क्षण मी विसरू शकत नाही. मी पुढची ओळ वाचली.

"थोपट थोपट थोपटलं."

पहिली थाप हलकी होती, खरोखर आईची. दुसऱ्या थापेला पलंगाची फळी मोडली. तिसरीला आतला आवाज मोडला. त्यानंतर मी मोजलं नाही. ते मूल माझा हात सोडून त्या तळव्याला बिलगू पाहत होतं, आणि तळवा त्याच लयीत, न थांबता, न रागावता पडत होता. गादीतून स्प्रिंगा वर आल्या. पांघरूण सपाट झालं, ओलं झालं, मग हातानं ते सगळं गोळा केलं, मायेनं, कडा आत दुमडून, आणि जिथून आला तिथून गेला.

"गप्प झालं पोर," मी वाचलं. या ओळीचा अर्थ इतके दिवस मी एका लहान मुलीला रोज समजावून सांगत होतो.

मग पाच, चार, तीन, दोन, एक. गाळायची हिंमत नव्हती.

६

शेवटचं पान.

उंचवटे दहा होते. आई आडवी झाली होती, पण तिनं कूस बदलली होती. तोंड आमच्याकडे. अंधारात रंगवलेलं होतं, फक्त एक डोळा दिसत होता, आणि तो उघडा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. दहा उंचवट्यांवरून, पानाच्या कडेवरून, तो भिंगरीकडे बघत होता. जसं आपण बाजारातून परत आल्यावर पिशव्या मोजतो आणि एक जास्त निघते, तसा.

मी पान उघडं धरून बसलो. मुलगी आली तेव्हाही तसाच बसलो होतो. डोळा मिटायला तेवढा वेळ लागला. तिनं माझा हात बांधला, मोडका पलंग बघितला, आणि कुठला तरी भटका कुत्रा आत शिरला असणार असं ठरवून टाकलं.

तेव्हापासून आमचा नेम असा. रोज पुस्तक सगळं वाचायचं, आणि शेवटचं पान डोळा मिटेपर्यंत धरायचं. हल्ली लवकर मिटतो. एकदा पाहुणे आले म्हणून मी वाचायला उशीर केला, तर भिंगरी जेवता जेवता ताठ झाली. तिच्या मानेवर, केसांखाली, चार लांब लाल वळ उठले होते, उचलायच्या आधी पकड बघावी तसे. पुस्तक जाळण्याचा विचार केला होता. मग कळलं, जाळलं तर डोळा मिटवायचा कशानं?

भिंगरी ठणठणीत आहे. संध्याकाळ झाली की बोलत नाही, एवढंच. हसत तर नाहीच.

मास्तर परत आलेत. ऐकायला येतं एकाच बाजूनं, त्यामुळे बुद्धिबळात शह दिलेला ऐकू आला नाही असं सांगतात. मी त्यांना मुद्दाम माझ्या उजवीकडे बसवतो, म्हणजे डावा कान माझ्याकडे येतो. बटणबद्दल आम्ही बोलत नाही.

७

अर्ज मी रीतसर केला. ग्रंथपाल बाईंनी तो चष्मा वर सरकवून वाचला.

"आजोबा, पुस्तकाला मागणी आहे. जुळी मुलं आहेत एकांकडे, त्यांनी नाव लावलंय."

"त्यांना देऊ नका."

"का?"

"लोक पानं गाळतात, बाई. दमलेली माणसं दोन पानं एकदम उलटतात."

"त्यानं काय बिघडतं? आजोबा, तुम्हाला बरं नाही का?" त्यांनी माझं जुनं कार्ड काढून अर्जाशेजारी ठेवलं. "आणि तुमची सही जुळत नाही."

"बोटं जुळत नाहीत." मी हात टेबलावर ठेवला. आता त्यावर अंगठा आणि शेवटची दोन बोटं आहेत. "ही डाव्या हाताची आहे."

त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. "मला वाईट वाटतं, आजोबा. पण सही जुळत नसली की अर्ज समितीकडे जातो. समिती बसेल तेव्हा बसेल. तोवर पुस्तक जमा हवं."

त्यांची चूक नाही. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही समितीकडेच पाठवला असता. पुस्तक जमा न करता मी घरी आलो.

आज दुपारी मी मास्तरांची पट्टी बदलायला समोर गेलो होतो, तेवढ्यात मुलगी कामावर निघून गेली. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, चिडू नका. पुस्तक जाता जाता देऊन आले."

मी फोन कानाशी धरूनच भिंगरीच्या उशाजवळची पुस्तकाची जागा बघितली.

"बाबा, तुम्ही रोज त्या चित्रासमोर बसता. पोरगी मुकी झाली माझी. कुत्रा चावला, वाईट झालं, मास्तरांचं वाईट झालं, पण आता पुरे. ऐकताय ना?"

"त्या जुळ्यांनी नेलं का?"

"कोणते जुळे? बाबा, जेवून घ्या. मी येते."

मी ग्रंथालयाला फोन लावला. वाजत राहिला. मग स्वतः गेलो, भिंगरीला कडेवर घेऊन. दाराला कुलूप होतं. खिडकीतून परत आलेल्या पुस्तकांची गाडी दिसत होती, आणि गाडीवर आमचं पुस्तक नव्हतं.

घरी आल्यावर कडवी तोंडपाठच म्हटली. दहापासून एकपर्यंत, एकही न गाळता, योग्य त्या वेळी. शब्द सगळे येतात. शेवटच्या पानावर मात्र शब्द नाहीत, त्यामुळे ते म्हणता येत नाही.

ही पुरवणी भिंगरीच्या पलंगाशेजारी बसून लिहिली आहे. मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसले आहेत. मुलीला निरोप गेला आहे, ती निघाली आहे. भिंगरी जागी आहे. तिला बोलू नकोस म्हणून सांगितलं आहे आणि ती बोलत नाही. मी तिचा हात धरला आहे. ती भिंतीकडे बघते आहे.

अर्ज समितीपुढे प्रलंबित आहे.